टप्पा आत पडला, तरी फाउल? बेसबॉलच्या दोन रेषा समजून घेताना

बॉल बॅटला लागतो, होम प्लेटच्या, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथल्या पाटीच्या, पुढं हातभर अंतरावर रेषेच्या आत टप्पा घेतो, गिरकी खाऊन बाहेर सरकतो आणि पहिल्या बेसच्या, म्हणजे बॅटरनं पळत गाठायच्या पहिल्या मुक्कामाच्या, बराच अलीकडं थांबतो. पंच दोन्ही हात वर करून ‘फाउल’ म्हणतात. अर्ध्या वाटेत पोहोचलेला बॅटर ओरडतो, ‘ओ सर, टप्पा आत पडलाय की!’ कोल्हापुरात क्रिकेट सोडून नव्यानं बेसबॉलकडं वळलेली पोरं जिथं खेळतात, तिथं हा संवाद ठरलेला.

पोरगं खोटं बोलत नसतं. टप्पा आतच पडलेला असतो. पण क्रिकेटवर वाढलेला डोळा टप्पा दिसला की तिथंच निकाल लावून मोकळा होतो. बेसबॉलमध्ये मैदानाच्या जवळच्या भागात पहिल्या टप्प्याला काडीची किंमत नाही आणि लांबच्या भागात सगळी किंमत त्यालाच आहे. कुठला भाग जवळचा आणि कुठला लांबचा, एवढं पक्कं झालं की फेअर-फाउलचे, म्हणजे बॉल हद्दीत की बाहेर याचे, बहुतेक वाद सुटतात. बाकीचे का सुटत नाहीत, तेही पुढं येईलच.

शालेय क्रीडा स्पर्धांच्या यादीत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल दोन्ही असल्यानं दरवर्षी काही नवीन पोरं-पोरी आणि त्यांचे आई-बाबा मैदानावर येतात. पोराला क्रिकेटचे सगळे नियम पाठ, आणि इथं पहिल्याच दिवशी त्याचा सुरेख लेट कट ‘फाउल’ ठरतो. हा लेख अशा मंडळींसाठी आहे.

पायरी पहिली: रेषा ओळखा

क्रिकेटमध्ये बॅट्समनला चारी दिशा मोकळ्या. यष्टिरक्षकाच्या मागं मारलेला फटकाही चौकाराचा मानकरी. बेसबॉलमध्ये होम प्लेटच्या टोकातून दोन रेषा निघतात. एक पहिल्या बेसच्या कडेनं आणि दुसरी तिसऱ्या बेसच्या कडेनं सरळ कुंपणापर्यंत जाते. दोन्हींमधला कोन ९० अंशांचा. या काटकोनाच्या आतली सगळी जागा फेअर, बाहेरची सगळी फाउल. म्हणजे बॅटरला वर्तुळाचा फक्त पाव भाग मिळतो.

आता रेषेवरच पडलेल्या बॉलचं काय? क्रिकेटच्या सवयीनं उत्तर चुकतं. क्रिकेटमध्ये बॉल सीमारेषेच्या दोरीला टेकला की बाहेर गेला, चार धावा. फुटबॉलमध्ये उलट आहे. बॉल रेषेवर आहे तोवर आत आहे, अख्खा पलीकडं गेल्याशिवाय बाहेर नाही. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पेठेतल्या तालमींच्या मॅचेस बघितलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. त्यानं तोच डोळा इथं आणावा. बेसबॉलमध्ये रेषा ही फेअर हद्दीचा भाग आहे. बॉलची कड रेषेला टेकली तरी तो फेअर.

पहिला आणि तिसरा बेस अख्खेच्या अख्खे रेषेच्या आत, म्हणजे फेअर हद्दीत ठेवलेले असतात. होम प्लेटही फेअर हद्दीत येते. ‘प्लेटला लागला म्हणजे फाउल’ ही समजूत बरीच पसरलेली आहे, पण तिला आधार नाही. प्लेटला लागून बॉल पुढं आत गेला आणि आतच राहिला तर खेळ चालू.

मैदान आखताना एक काळजी घ्या, कारण कोन चुकला तर पुढचे सगळे निर्णय चुकतात. मोठ्यांच्या डायमंडमध्ये, म्हणजे होम प्लेट आणि तीन बेस यांच्या चौकोनात, दोन बेसमधलं अंतर ९० फूट, म्हणजे २७.४३ मीटर. होम प्लेटच्या मागच्या टोकापासून दुसऱ्या बेसच्या मध्यबिंदूपर्यंतचा कर्ण १२७ फूट ३ ३/८ इंच, साधारण ३८.८० मीटर. आधी हा कर्ण टेपनं मोजून दुसरा बेस पक्का करा. मग होम प्लेटपासून ९० फूट आणि दुसऱ्या बेसपासून ९० फूट अशा दोन टेप ताणा. त्या जिथं भेटतात तिथं एका बाजूला पहिल्या बेसचा बाहेरचा कोपरा, दुसऱ्या बाजूला तिसऱ्याचा. लहान मुलांसाठी ६० फुटांचा डायमंड आखतात, तेव्हा कर्ण ८४ फूट १० इंचांच्या थोडा वर भरतो. नजरेनं काटकोन काढायच्या भानगडीत पडू नका. बेसपाशी वीतभर चूक झाली तर कुंपणापाशी ती दोन-तीन फूट होते.

रेषा फक्कीनंच मारा. चुना वापरू नका. खेळाडू बेसवर घसरत येतो तेव्हा चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. आणि खेळ चालू झाला की होम प्लेटजवळची फक्की पहिल्या अर्ध्या तासात पायांनी पुसली जाते. नेमके वादाचे बॉल तिथंच थांबतात, त्यामुळं दर दोन इनिंगनी तेवढा भाग परत मारून घ्या. जून लागला की फक्कीचा विषयच संपतो.

पायरी दुसरी: बॉल बेसच्या अलीकडं आहे की पलीकडं, हे आधी विचारा

नियमाचा गाभा इथं आहे, त्यामुळं इथं थोडं थांबू.

बॉल होम प्लेट आणि पहिला बेस, किंवा होम प्लेट आणि तिसरा बेस यांच्या दरम्यान आहे, तोवर निकाल लागलेला नसतो. तो आत टप्पा घेऊ दे, बाहेर जाऊ दे, परत आत येऊ दे. कुणाचा हात लागत नाही तोवर वाट बघायची. जिथं तो थांबला ती जागा फेअर, तर बॉल फेअर. जिथं थांबला ती जागा फाउल, तर फाउल. थांबायच्या आधी कुणी त्याला हात लावला, तर त्या क्षणी बॉल कुठं होता ते बघायचं.

बॉल हवेतून जाऊन बेसच्या पलीकडं पडला, तर मात्र पहिला टप्पा हाच निकाल. आत पडून बाहेर वळला तरी फेअर. बाहेर पडून आत वळला तरी फाउल.

काही प्रसंग घेऊन बघू.

बॅटरनं बॉल उंच उडवला. पिचरजवळ, म्हणजे बॉल टाकणाऱ्याजवळ, कुणीच झेलायला पोहोचलं नाही, बॉल पडला, उलटी फिरकी होती म्हणून उसळत पहिल्या बेसच्या अलीकडून रेषेबाहेर गेला. कुणाचा स्पर्श नाही. फाउल. बघणाऱ्यांना हे पटत नाही, कारण बॉल मैदानाच्या ऐन मध्यावर पडलेला सगळ्यांनी बघितलेला असतो.

तोच बॉल पिचरच्या ग्लोव्हजला आतमध्ये नुसता घासून बाहेर गेला. फेअर. स्पर्श झाला त्या क्षणी निकाल लागला, पुढं बॉल कुठं भटकला याला महत्त्व नाही.

बॉल बाहेरच्या बाजूला टप्पा घेऊन, कुणाला न लागता परत आत आला आणि तिसऱ्या बेसच्या अलीकडं आतच थांबला. फेअर. आपल्याकडच्या खडबडीत मैदानांवर हा प्रकार बऱ्यापैकी दिसतो. खडा, उंचवटा, गवताचा बुंधा यांना लागून दिशा बदलली तर ती जमीनच समजायची, त्यानं काही बिघडत नाही. पण बाहेर पडलेल्या हेल्मेटला किंवा कुणाच्या सॅकला बॉल लागला तर तो लगेच फाउल, मग परत आत आला तरी. म्हणून सामान रेषेपासून लांब ठेवायला लावावं. आमच्याकडं सायकलीसुद्धा लांब लावायला सांगतात.

पिचर ज्या पांढऱ्या पट्टीवर पाय ठेवतो, तिला बॉल लागला आणि मागं उसळून प्लेटमागच्या कॅचरच्या डोक्यावरून बाहेर गेला. कुणाला न लागता गेला असेल तर फाउल. ती पट्टी म्हणजे बेस नव्हे. उलट पहिल्या, दुसऱ्या किंवा तिसऱ्या बेसला बॉल लागला की तो फेअर झाला. मग तो उसळून थेट प्रेक्षकांत गेला तरी फेअरच.

जवळच्या भागात पहिल्या टप्प्याला किंमत का नाही, यामागं जुनी गोष्ट आहे. पूर्वी ती किंमत होती. आत पहिला टप्पा पडला की बॉल फेअर धरत, मग तो लगेच बाहेर गेला तरी. शिकागोचा रॉस बार्न्स या युक्तीत तरबेज होता. तो बॉल असा खाली दाबून मारायचा की प्लेटच्या पुढं आत एक टप्पा पडायचा आणि बॉल सणसणीत बाहेर निघून जायचा. फिल्डर त्याच्यामागं पळेपर्यंत हा बेसवर. १८७६ मध्ये नॅशनल लीगचा पहिला हंगाम झाला आणि सर्वाधिक बॅटिंग सरासरी त्याचीच होती. १८७७ पासून नियम बदलला. सुरुवातीला ओरडणारं आपलं पोरगं नकळत १८७६ च्या नियमानं खेळत असतं, एवढंच.

जुन्या नियमांचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. १८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबनं जे नियम लिहिले, त्यात पहिल्या आणि तिसऱ्या बेसच्या कक्षेबाहेर मारलेला बॉल फाउल, हे कलम होतं. आणि एका टप्प्यावर झेललेला बॉलही आउट धरला जायचा. गल्लीतलं आपलं ‘एक टप्पा आउट’ अमेरिकेत लेखी नियम होता! आता तो नाही. टप्पा पडल्यावर झेल नाही.

पायरी तिसरी: बेसवरून उड्या मारत जाणारा बॉल

आधी म्हटलं की काही वाद सुटत नाहीत. ते इथले.

सरपटत किंवा टप्पे घेत निघालेला बॉल पहिल्या किंवा तिसऱ्या बेसच्या पुढं आउटफिल्डकडं, म्हणजे लांबच्या मैदानाकडं, जातो, तेव्हा बेस ओलांडताना तो कुठं होता एवढंच बघायचं. फेअर हद्दीवर किंवा तिच्या वरच्या हवेत असेल तर फेअर. मग पुढचा टप्पा फाउल बाजूला पडला तरी चालतो. तिसऱ्या बेसच्या अलीकडं जोरात टप्पा घेऊन बॉल डोक्याच्या उंचीनं बेसवरून गेला आणि पलीकडं चार फूट बाहेर पडला, तर फेअर. सगळ्या बाकांवरून ‘बाहेर पडला, बाहेर पडला’ अशी ओरड होते आणि ती खरीही असते, पण प्रश्नच वेगळा होता.

याच्या शेजारी दुसरा बॉल ठेवा. बॅटमधून निघून एकही टप्पा न घेता तिसऱ्या बेसवरून गेला आणि पलीकडं चार फूट बाहेर पडला. हा फाउल. दोन्ही बॉल बेसच्या वरून गेले, दोन्ही एकाच जागी पडले. फरक एवढाच की पहिल्यानं बेसच्या अलीकडं जमिनीला पाय लावला होता. टप्पा घेतलेल्या बॉलसाठी बेस ओलांडण्याचा क्षण, न घेतलेल्यासाठी पडण्याची जागा.

हवेतला बॉल बेसच्या वर नेमका कुठं होता, हे ठरवायला पंचाचे पाय रेषेच्या दोन्ही बाजूंना हवेत. कडेला उभं राहून हा निर्णय देता येत नाही. आई-बाबांनी एवढं मान्य केलं तरी निम्मी भांडणं कमी होतील. पहिल्या बेसच्या मागच्या कट्ट्यावरून तिसऱ्या बेसवरचा बॉल दिसतो, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी मी वाद घालणं सोडून दिलं आहे.

पायरी चौथी: फिल्डरचे पाय बघू नका, बॉल बघा

क्रिकेटमध्ये सीमारेषेवर झेल घेताना फिल्डरचा पाय दोरीला लागला का, यावर सगळं अवलंबून असतं. बेसबॉलमध्ये फेअर-फाउल ठरवताना फिल्डर कुठं उभा आहे याला अर्थ नाही. पाय बाहेर आणि हात लांब करून त्यानं रेषेच्या आतल्या हवेत बॉलला स्पर्श केला, तर बॉल फेअर. पाय आत आणि बॉल बाहेर, तर फाउल.

यावरून मोठं रामायण झालं २००९ च्या ऑक्टोबरमध्ये. न्यूयॉर्क यांकीज आणि मिनेसोटा ट्विन्स यांच्यात प्लेऑफचा सामना ३-३ बरोबरीत, अकरावी इनिंग. ट्विन्सच्या जो मॉवरनं डावीकडं रेषेलगत उंच फटका मारला. यांकीजचा मेल्की कॅब्रेरा धावत आला, बॉल त्याच्या ग्लोव्हला घासला, रेषेच्या आत पडला आणि उसळून प्रेक्षकांत गेला. म्हणजे बॉल दोन वेळा फेअर ठरला होता, एकदा स्पर्शानं आणि एकदा टप्प्यानं. त्याचे दोन बेस मिळायला हवे होते. रेषेवरच्या पंचानं फाउल दिला. ट्विन्स तो सामना त्याच इनिंगमध्ये ४-३ असा हरले. पुढं २०१४ पासून मेजर लीगमध्ये व्हिडिओ बघून निर्णय तपासण्याची व्यवस्था वाढवली, तेव्हा बेसच्या पंचांच्या पलीकडं पडणाऱ्या बॉलचे फेअर-फाउलही त्यात आले. आपल्या मैदानावर असली सोय नाही, त्यामुळं पंचाचा शब्द अखेरचा.

फिल्डरला एक अधिकार मात्र पुरेपूर आहे. रेषेवरून हळूहळू घरंगळणारा बॉल कधी उचलायचा, ते तो ठरवतो. बॅटरनं बंट केला, म्हणजे बॅट नुसती आडवी धरून बॉल हळूच खाली सोडला, आणि बॅटर पहिल्या बेसवर पोहोचणारच असं दिसत असेल, तर हुशार तिसरा बेसमन बॉलजवळ वाकून उभा राहतो आणि तो बाहेर कधी जातोय याची वाट बघतो. बाहेर गेला की पटकन हात लावायचा. फाउल पक्का.

हात न लावता त्याला बाहेर घालवता येतं का? २७ मे १९८१ ला सिएटलच्या लेनी रँडलनं हा प्रयोग केला. कॅन्सस सिटीच्या एमस ओटिसचा हळू बॉल तिसऱ्या बेसच्या रेषेवरून येत होता. रँडल गुडघ्यांवर आणि हातांवर बसला आणि चक्क फुंकर मारून बॉल बाहेर घालवला. पंचांनी आधी फाउल दिला, मग विरुद्ध बाजूच्या तक्रारीवरून निर्णय फिरवून ओटिसला पहिला बेस दिला. आपण बॉलला ‘बाहेर जा, बाहेर जा’ असं सांगत होतो, असा रँडलचा दावा होता. वाट बघा, फुंकू नका.

पायरी पाचवी: कुंपण आणि खांब

दोन्ही रेषा कुंपणाला भिडतात तिथं उंच खांब असतात. त्यांना फाउल पोल म्हणतात, पण ते उभे असतात फेअर हद्दीत. हवेतून थेट खांबाला बॉल लागला तर होम रन, म्हणजे बॅटर चारही बेस फिरून धाव घेतो. खांबाच्या आतून कुंपणापलीकडं गेला तरी होम रन. कुंपण ओलांडल्यावर वाऱ्यानं वळून तो बाहेरच्या बाजूला पडला तर त्याचं काही नाही, मैदान सोडताना कुठं होता तेवढं बघायचं. आत टप्पा घेऊन मग कुंपणापलीकडं गेला तर होम रन नाही, बॅटरला दोन बेस.

बॉस्टनच्या फेनवे पार्कमधला डावीकडचा खांब यासाठीच प्रसिद्ध आहे. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेचा, सहावा सामना, बाराव्या इनिंगमध्ये कार्लटन फिस्कचा फटका रेषेच्या अगदी वरून चालला होता. फिस्क पळायचं विसरून दोन्ही हातांनी बॉलला आत ढकलत होता. बॉल खांबाला लागला, बॉस्टन ७-६ जिंकलं. सातवा सामना मात्र सिनसिनाटीनं जिंकून सिरीज नेली. २००५ मध्ये त्या खांबाला फिस्कचं नाव दिलं गेलं.

आपल्या मैदानांवर कुंपणही नसतं आणि खांबही. रेषेच्या शेवटी एक उंच बांबू रोवा आणि वर रंगीत फडका बांधा. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा सुटला की उंच बॉल इतका सरकतो की बांबूशिवाय कुणालाच काही सांगता येत नाही.

पायरी सहावी: फाउल झाल्यावर काय होतं

फाउल बॉल जमिनीवर पडला की बॉल डेड, म्हणजे खेळ थांबला. धावपटू आपापल्या बेसवर परत. बॅटरच्या नावावर एक स्ट्राइक; तीन झाल्या की तो आउट. दोन स्ट्राइक झाल्या असतील तर त्यापुढचा फाउल मोजत नाहीत, कितीही झाले तरी. त्यामुळं चिवट बॅटर नको असलेले बॉल फाउल करत पिचरला दमवतो. हेही कायम असं नव्हतं. फाउलची स्ट्राइक धरायला नॅशनल लीगनं १९०१ मध्ये आणि अमेरिकन लीगनं १९०३ मध्ये सुरुवात केली.

एक अपवाद पोरांच्या डोक्यात ठोकून बसवा. दोन स्ट्राइक असताना बंट करायला गेला आणि फाउल झाला, तर बॅटर आउट.

फाउल बॉल हवेत झेलला तर बॅटर आउट, आणि बॉल चालू राहतो. म्हणजे तिसऱ्या बेसवरचा धावपटू झेलानंतर बेसवरून निघून धाव काढू शकतो. सामना बरोबरीत, शेवटची इनिंग, यजमान संघाची बॅटिंग, तिसऱ्या बेसवर विजयी धाव आणि दोनपेक्षा कमी आउट. अशा वेळी आउटफिल्डरनं लांबवर पळत जाऊन फाउल झेल घेतला तर बहुतेक वेळा सामना तो स्वतःच हरवून येतो. बॉल पडू द्यावा. झेल दिसला की झेप घ्यायची, ही क्रिकेटची सवय इथं महागात पडते, आणि ती मोडायला वेळ लागतो.

बॅटला जरासा चाटून बॉल थेट कॅचरच्या ग्लोव्हमध्ये बसला तर त्याला फाउल टिप म्हणतात. नावात फाउल असलं तरी तो फाउल बॉल नव्हे. साधी स्ट्राइक धरायची, बॉल चालू, धावपटू बेस चोरू शकतो, म्हणजे फटका नसताना पुढच्या बेसवर पळू शकतो, आणि ती तिसरी स्ट्राइक असेल तर बॅटर आउट. क्रिकेटमधला कॉट बिहाइंड डोक्यात ठेवून पहिल्याच चाटलेल्या बॉलवर अपील करणारे कॅचर सुरुवातीला भेटतातच.

बॅटमधून निघालेला बॉल प्लेटशेजारी आखलेल्या बॉक्समध्ये उभ्या असलेल्या बॅटरच्याच पायावर आदळला तर फाउल. तोच बॅटर बॉक्समधून बाहेर पडून पळत असताना फेअर हद्दीत त्याला लागला तर तो आउट. आणि हात हा बॅटचा भाग नाही. क्रिकेटमध्ये बॅट धरलेल्या ग्लोव्हला लागलेला बॉल बॅटला लागल्यासारखाच असतो. इथं स्विंग करताना बॉल फक्त बोटांना लागला तर बॉल डेड आणि स्ट्राइक. बेस मिळत नाही.

पायरी सातवी: बॅटर आणि धावपटू यांच्यासाठी

बॅटला बॉल लागला की पळा. फाउल आहे की नाही हे वळून बघत उभं राहू नका. ‘फाउल’ असा आवाज आला की थांबा. फेअर बॉलला पंच तोंडानं काहीच बोलत नाहीत, नुसता हात आतल्या बाजूला दाखवतात. त्यामुळं शांतता म्हणजे खेळ चालू.

तिसऱ्या बेसवर असाल तर होम प्लेटकडं थोडं पुढं सरकताना रेषेच्या बाहेरून सरका. आपल्या बॅटरचा बॉल अंगावर आला आणि तुम्ही फेअर हद्दीत असाल, तर तुम्ही आउट होऊ शकता. बाहेर असताना लागला तर नुसता फाउल. परत बेसकडं येताना मात्र रेषेच्या आतून या, कारण कॅचरला तिसऱ्या बेसवर फेकायला वाट सापडत नाही.

सॉफ्टबॉल खेळणाऱ्या मुलींसाठी: दोन बेसमधलं अंतर ६० फूट, रेषांचे नियम जवळपास हेच. पहिल्या बेसला दुहेरी बेस असेल तर पांढरा भाग आत आणि रंगीत भाग बाहेर असतो. फक्त रंगीत भागाला लागलेला बॉल फाउल.

पायरी आठवी: पंचाच्या जागी उभं राहून डोळा तयार करा

आपल्याकडं बऱ्याचदा एकच पंच असतो, तोही कॅचरच्या मागं. बॉल रेषेलगत निघाला की त्यानं प्लेटमागून बाहेर पडून रेषेवर यायचं, थांबायचं, मग बघायचं. पळता पळता दिलेला निर्णय डोळ्यांच्या हिंदोळ्यावर दिलेला असतो. दुसरी गोष्ट घाई न करण्याची. एकदा ‘फाउल’ ओरडलं की सगळे थांबतात, तो शब्द परत घेणं अवघड असतं. बॉल बेसच्या अलीकडं असेल तर तो थांबेपर्यंत किंवा कुणी हात लावेपर्यंत तोंड बंद ठेवणारा पंच चांगला.

हे शिकायला मॅच लागत नाही. चौघं जमा. एकानं होम प्लेटपाशी उभं राहून बॉल रेषेलगत हळू लोटायचे, काही सरपटत, काही टप्पे देत. दुसऱ्यानं रेषेच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून निर्णय द्यायचा. तिसऱ्यानं बेसच्या मागं बसून ताडून बघायचं, आणि चौथ्यानं मुद्दाम कडेला उभं राहून आपला निर्णय आधी ओरडायचा. थोड्या वेळानं जागा बदला. कडेवरचा आणि रेषेवरचा निर्णय सारखे वेगळे येत राहतात, आणि ते ज्यानं स्वतः बघितलं तो पुढच्या मॅचला पंचांवर ओरडायच्या आधी दोन पावलं रेषेकडं सरकतो.